एक गुण राखीव

"पाणी कुठाय?" विलास खांबेट्यांनी विचारलं.

वेदने आधी आपल्या किल्ल्याकडे पाहिलं, मग आपल्या बापाकडे. किल्ला राजगड होता. तीन माच्या, बालेकिल्ला, सुवेळा माचीचं नेढं, सगळं थ्रीडी प्रिंटरमधून निघालेलं, करकरीत. वर निळे दिवे लुकलुकत होते.

"तलाव आहे, काका. फाइलमध्ये आहे. शेवटी प्रिंटर कापुट झाला."

"म्हणजे गडावरच्या शिबंदीने दिवे चाटायचे?" विलासनी क्लिपबोर्डवर लिहिलं, पाणी दोन.

"दोन कशाचे?" वेदचे वडील पुष्कर मागून म्हणाले. पुष्कर मंडळाचे सेक्रेटरी होते आणि मुलाचे गुण त्यांना स्वतःच्या पगारासारखे लागायचे.

"फाइलमध्ये आहे त्याचे."

हार्बुर्गच्या एका शाळेचा हॉल मंडळाला दिवाळीनंतरच्या शनिवारी मिळायचा, म्हणून हॅम्बर्गच्या मराठी माणसांची दिवाळी त्या शनिवारी व्हायची. सकाळचे अकरा वाजले होते, बाहेर नेहमीची पावसाची रिपरिप होती आणि आत अकरा टेबलांवर अकरा किल्ले उभे होते. प्रत्येक किल्ल्याखाली प्लास्टिक, कारण लाकडी जमिनीवर मातीचा कण दिसला तर पुढच्या वर्षी हॉल विसरा, असं शाळेची देखभाल बघणाऱ्या हाउसमाइस्टरने हात जोडून नव्हे तर बोट दाखवून सांगितलं होतं. बागेतली माती खणायला इथे बंदी. त्यामुळे स्वराज्याची माती बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात, वीस लिटरच्या पिशवीत मिळायची. गवतासाठी अळीव मात्र आयतं मिळे. सुपरमार्केटमध्ये क्रेसे नावाच्या इवल्या ट्रेमध्ये ते उगवलेलंच विकत; जर्मन लोक ते अंड्यावर घालून खातात, मराठी लोक गडावर लावतात.

विलास अठरा वर्षं या स्पर्धेचे परीक्षक होते. माणूस मूळचा रेवदंड्याचा, धंद्याने पंप तपासणारा. शहराबाहेरच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं टेस्ट बेंचवर उभं राहून त्यांनी पंपांना दाब दिला होता. ज्याचा थेंब गळाला तो परत, मग तो साहेबाच्या लाडक्या गिऱ्हाइकाचा का असेना. 'चालेल' हा शब्द त्यांनी आयुष्यात चहाबद्दलसुद्धा वापरला नव्हता. बढती मिळाली नाही, कारण बढती देणाऱ्यांचेही दोन पंप त्यांनी परत पाठवले होते. एप्रिलमध्ये ते निवृत्त होणार होते आणि कारखाना त्यांच्या जागी कॅमेरे बसवणार होता. हे ते जरा अभिमानानेच सांगत. "चार कॅमेरे लागणारेत," म्हणत.

किल्ल्यांनाही त्यांचा तोच दाब. पाच रकाने, दहा दहा गुण: तट-बुरूज, दरवाजा, पाणी, वाट आणि माहिती. माहिती मुलानेच सांगायची, तीही मराठीत. पन्नासपैकी पन्नास त्यांनी कधी कुणाला दिले नव्हते. पंचेचाळीस मिळाले की आया पेढे वाटत.

सहावं टेबल संपलं तशी पुष्करनी त्यांना कोपरातून धरून खिडकीशी नेलं.

"विलासकाका, सात नंबरचं जरा बघायला हवं."

"तेच करतोय ना. एकपासून सहापर्यंत बघितले, आता सात."

"तसं नाही हो. किल्ल्याचं नाव बघा."

विलासनी कागद वर उचलला. स्पर्धक ओवी रुपेश खांबेटे, वय दहा. किल्ल्याचे नाव सान पेद्रो, सेबू.

"फिलिपिन्समधला आहे," पुष्कर हलक्या आवाजात म्हणाले. "स्पॅनिश लोकांनी बांधलेला. फिरंग्यांचा! नियम तीन काय म्हणतो? किल्ला महाराष्ट्रातलाच हवा. आता तुमचीच नात, म्हणून आम्ही कुणी तोंड उघडणार नाही, पण लोक बोलतील. आल्झो, तेव्हा तुम्हीच काय ते ठरवा."

शेवटच्या वाक्यात पुष्करनी सगळी माती हळूच विलासांच्या पायाशी लोटली होती. नियम तीन विलासांनीच केलेला. चौदा वर्षांमागे एका हौशी बाईंनी बव्हेरियातला परीकथेसारखा महाल केकच्या आइसिंगने बनवून आणला आणि लोकांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या, तेव्हा संतापून त्याच रात्री केलेला.

"फिरंग्यांचा म्हणून नको म्हणतोस?" विलास म्हणाले. "तीन नंबरला वसईचा किल्ला आहे, तो कुणी बांधलाय? तुझ्या पणजोबांनी?"

"तो आपण जिंकला ना, काका."

"आणि माझा जन्म रेवदंड्याचा. अख्खं गाव पोर्तुगीज तटाच्या आत. मग मलाही बाद कर."

"पण वसई नि रेवदंडा महाराष्ट्रात आहेत," पुष्कर म्हणाले. हे मात्र खरं होतं. विलासांना खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येई, पण त्याला ते गुण देत.

सातव्या टेबलामागे ओवी उभी होती, परकर-पोलक्यात आणि पावसाळी बुटांत. तिच्यामागे तिची आई, मारिसेल. विलासांचा मुलगा रुपेश गाडी लावायला जागा शोधत गेला होता तो अजून शोधतच होता.

मारिसेल सेबूची, इथल्या इस्पितळात नर्स. बारा वर्षांपूर्वी रुपेशने तिच्याशी लग्न ठरवलं तेव्हा विलास वाईट बोलले नाहीत. वाईट बोलायला काही बोलावं लागतं. लग्न तिकडे, सेबूला झालं. विलासांच्या पत्नी ऊर्मिलाबाई गेल्या, विलास गेले नाहीत. रजा मंजूर झाली नाही, असं सगळ्यांना सांगितलं. रजेचा अर्जच त्यांनी केला नव्हता, हे दोघांना ठाऊक होतं: त्यांना आणि ऊर्मिलाबाईंना. ऊर्मिलाबाईंनी ते बारा वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्यांनाही सांगितलं नाही.

सून मात्र घरात आली ती हसत. सासूबाई सासऱ्यांना सारखं 'अहो, अहो' करतात हे तिने ऐकलं आणि तेच त्यांचं नाव समजून पहिल्याच जेवणाला ती म्हणाली, "अहो, भात?" रुपेशला ठसका लागला. ऊर्मिलाबाई पदर तोंडावर धरून स्वयंपाकघरात पळाल्या. समजावून सांगितल्यावर मारिसेल गंभीरपणे म्हणाली होती, "मला पण वाटलं, असं नाव कसं. आमच्याकडे आहोस म्हणजे लसूण." पुढे तिने त्याला बाबा जोडलं आणि ते अहोबाबा झाले. नातीला आजोबा, मुलाला बाबा, मंडळाला काका. अहोबाबा म्हणणारी जगात एकटीच.

विलास टेबलाशी आले आणि थबकले.

किल्ला तीन कोनी होता. तीन कोनांवर तीन बुरूज, मध्ये हिरवळ. आणि हा आकार त्यांनी पाहिलेला होता. कुठे? रेवदंड्याला नाही, कोर्लईला नाही. मग आठवलं. घरी, फ्रिजवर. लग्नाहून येताना ऊर्मिलाबाईंनी आणलेला लोहचुंबक, राखाडी, तिकोनी. कचऱ्याच्या गाडीचं वेळापत्रक त्याने फ्रिजला चिकटवलेलं असे. इतकी वर्षं दिवसातून दहा वेळा दुधासाठी ते दार उघडताना त्यांना तो पिझ्झाचा तुकडा वाटत आला होता. महाराष्ट्रातल्या साडेतीनशे गडांची नावं पाठ असलेल्या माणसाच्या नाकासमोर बारा वर्षं एक किल्ला होता आणि त्यांनी त्याला कचरा धरायला लावलं होतं.

"माहिती सांग," ते ओवीला म्हणाले. आवाज जरा जास्तच कोरडा निघाला.

ओवीने तोंड उघडलं. मराठी तिला सगळं समजे, पण तोंडातून यायचं जर्मन. तिने पाठ केलेलं पहिलं वाक्य आलं, "हा किल्ला... हा किल्ला सेबू शहरात..." आणि अडकलं. आसपास चार आया गोळा झाल्या होत्या. पुष्कर होतेच.

"मी सांगते?" मारिसेलने विचारलं. "आई सांगितलं तर चालतं?"

"नियमात तसं..." पुष्करनी सुरुवात केली.

"ऐकूया," विलास म्हणाले.

मारिसेलने पदर खोचला. जणू ड्युटी सुरू झाली.

"हा किल्ला तीन कोन आहे. दोन बाजू समुद्र बघते, एक बाजू गाव बघते. आधी लाकूड होतं, मग दगड झाला, समुद्रातला दगड, पोवळ्याचा. दरवाजा गावाच्या बाजूला. आता समुद्र लांब गेला, कारण लोकांनी भर टाकली, बाग केली. किल्ला अजून बघते, पण समुद्र दिसत नाही. म्हाताऱ्या माणसासारखं."

कुणीतरी हसलं. विलास हसले नाहीत, ते फूटपट्टीने बुरुजाची उंची मोजत होते.

"आणि हे?" त्यांनी बाजूच्या छोट्या छत्रीकडे बोट केलं.

"हे मॅगेलानचा क्रूस. आठ कोन छत्री आहे. आत लाकडाचा क्रूस. लोक म्हणतात, खरा क्रूस त्याच्या आत आहे. सगळे त्याचा तुकडा काढून न्यायचे, औषध म्हणून. मग त्याला दुसऱ्या लाकडाचा कोट घातला. नाहीतर संपला असता."

"आमच्याकडेही असले भक्त आहेत," विलास म्हणाले. "पुढे?"

"हे चर्च. आत छोटा येशू, एवढा, राजाचे कपडे. आई म्हणतात बाळकृष्ण."

"बाळकृष्णच तो," चकलीच्या टेबलामागून ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "मी पाहिलाय ना. दोन तास रांगेत उभी होते. सिंहगडावर दह्यासाठी उभे राहतात तशी."

आता विलासांची नजर नेहमीच्या ठिकाणी गेली. प्रत्येक किल्ल्यावर सगळ्यात उंच जागी सिंहासन, सिंहासनावर महाराज. इथे उंच जागी दोन प्लास्टिकचे स्पॅनिश शिपाई उभे होते. मागे आया कुजबुजायला लागल्या. पुष्कर खाकरले.

"ओवी, महाराज कुठायत?"

ओवीने टेबलाच्या कडेला, किल्ल्याच्या बाहेर, दाट क्रेसेत बोट घातलं. अळिवाच्या रानात पुण्याहून आणलेले मातीचे महाराज लपलेले होते. सोबत तीन मावळे. आणि महाराजांच्या खांद्याला खांदा लावून, हातात ढाल-तलवार, तांबडा रंग दिलेला खेळण्यातला एक समुद्री चाच्या.

"हा कोण?"

"लापुलापु," ओवी म्हणाली.

"माक्तान बेटाचा राजा," मारिसेल म्हणाली. "मॅगेलान लढायला आला, तेव्हा पाणी मागे गेलं होतं. त्याला काय म्हणता, समुद्र जातो ते?"

"ओहोटी."

"ओहोटी! होड्या लांब राहिल्या. तोफा लांब. ते सगळे पाण्यातून चालत आले, इथपर्यंत पाणी, लोखंडाचे कपडे. लापुलापु किनाऱ्यावर उभा होता. संपले."

विलासांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ओहोटी म्हणजे काय हे रेवदंड्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. गुडघाभर पाण्यात, चिखलात रुतलेला चिलखती माणूस त्यांना स्पष्ट दिसला.

"हुशार गडी," ते म्हणाले. मग परीक्षक जागा झाला. "पण हे पंधराशे एकवीस सालचं. महाराजांचा जन्म सोळाशे तीसचा. एकशे नऊ वर्षांचं अंतर आहे, ओवी."

"ना उंट?" ओवी म्हणाली. म्हणजे, मग काय झालं? एरवी विलास यावर नेहमीचा विनोद करत, उंटाचा इथे काय संबंध. आज केला नाही.

"आणि ते बाहेर का? आत सिंहासनावर का नाही?"

ओवीने आईकडे पाहिलं नाही. एक एक शब्द उचलून आणल्यासारखी ती बोलली, आणि मराठीत बोलली.

"आजोबा, आत शत्रू आहे. किल्ला अजून घ्यायचाय. बसून कसा घेणार?"

हॉलमध्ये फराळाच्या डब्यांचा आवाज चालू होता तो चालू राहिला. टेबलाभोवतीच्या चार आया वाकून अळिवात पाहू लागल्या. अठरा वर्षांत विलासनी पावणेदोनशे किल्ले तपासले होते आणि पावणेदोनशे सिंहासनांवर पावणेदोनशे महाराज निवांत बसलेले पाहिले होते. कामावर असलेले आज पहिल्यांदा दिसले.

पुष्करनी घड्याळ पाहिलं. "छानच आहे, काका. कल्पना एकदम झकास. पण नियमाचं काय?"

विलासनी सुनेकडे पाहिलं. ती कागदाकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर विनंती नव्हती. बाळंतिणीचा रिपोर्ट यायची वाट पाहणाऱ्या नर्सचा असतो तसा, काहीही आलं तरी उभं राहायची तयारी असलेला तो चेहरा होता.

"अहो," ऊर्मिलाबाई चकल्या सोडून कधी शेजारी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. त्या हळू बोलल्या, फक्त त्यांच्यापुरतं. "नियम तुमचाच आहे. रजेचा अर्जही तुमचाच होता."

बारा वर्षं मुरवलेलं वाक्य ते. बरणी उघडली ती नेमकी आज.

क्लिपबोर्डचा चिमटा विलासनी दोनदा उघडला, दोनदा मिटला. मग मारिसेलला विचारलं, "तुला एवढं सगळं कसं माहीत? शाळेत शिकवतात?"

"नाही. माझे बाबा तिथेच होते ना. तीस वर्षं. सकाळी दरवाजा उघडायचा, झाडायचं, तिकीट बघायचं, संध्याकाळी बंद करायचं. चावी आमच्या घरी. एवढी मोठी. मी लहान होते तेव्हा चावीशी खेळायची."

"कुणाच्या घरी?"

"आमच्या. बाबांच्या."

"किल्ल्याची चावी तुझ्या बाबांकडे?"

"हो. तीस वर्षं. आता पाय दुखतो, घरी असतात."

विलास पुष्करकडे वळले. आवाज त्यांनी मुद्दाम मोठा केला, टेस्ट बेंचवर करायचे तसा, मशीनच्या वर जाणारा.

"पुष्कर, ऐकलंस? किल्ल्याच्या चाव्या ज्याच्या ताब्यात असतात त्याला आपल्यात काय म्हणतात?"

पुष्कर गोंधळले. "वॉचमन?"

"किल्लेदार!" विलास म्हणाले. "माझे व्याही किल्लेदार आहेत. तीस वर्षं गड राखलाय त्यांनी. तुझ्या मंडळात आहे कुणाचा व्याही किल्लेदार? एकाचा पुण्यात पेट्रोल पंप आहे, तेवढं ठाऊक आहे मला."

आया हसल्या. मारिसेलने तो शब्द ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिला. "किल्लेदार," ती म्हणाली. आपल्या बापाला एका परक्या भाषेत एवढं मोठं नाव आहे, हे तिला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"आता नियम," विलास म्हणाले. "नियम मी केलाय, तेव्हा मी मोडणार नाही. नातीसाठी तर नाहीच. सात नंबर स्पर्धेबाहेर."

त्यांनी कागदावर आडवी रेघ मारली. ओवीचा खालचा ओठ बाहेर आला. मारिसेलने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मान डोलावली, म्हणजे ठीक आहे. पुष्कर सुटकेने म्हणाले, "काका, तुमचा न्याय म्हणजे न्याय. चला, आठ नंबर."

"थांब. स्पर्धेत असता तर आजोबाला तपासता आला नसता. आता स्पर्धेबाहेर आहे. आता मला कोण अडवतो?"

त्यांनी खिशातून चष्मा काढला, फडक्याने पुसला, कानांवर बसवला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तट बोटाने दाबून पाहिला. बुरूज तिन्ही सारखे आहेत का, टेप लावून पाहिलं. दरवाजा उघडून मिटला. आतल्या विहिरीत करंगळी बुडवली. पाणी होतं, खरं होतं, ओलं होतं. अळीव बाजूला सारून महाराज आणि लापुलापु उभे होते तिथून दरवाज्यापर्यंतची वाट डोळ्यांनी चालून आले. आठव्या टेबलावरच्या पोराने तोवर स्वतःच्या प्रतापगडावरचे दोन मावळे खाली पाडले होते. पावणेबारा वाजले. कुणी घाई करायची हिंमत केली नाही.

मग त्यांनी रकाने भरले. तट-बुरूज दहा. दरवाजा दहा. पाणी दहा. माहिती दहा. मागे पुष्करांच्या घशातून एक आवाज निघाला. अठरा वर्षांत एका कागदावर चार दहा कुणी पाहिले नव्हते. वाट या रकान्यापाशी पेन थांबलं. विलासनी तिथे नऊ लिहिले, आणि खाली शेऱ्याच्या जागी, स्वच्छ अक्षरात एक ओळ.

कागद त्यांनी पुष्करांना दिला नाही. सुनेपुढे धरला.

मारिसेल देवनागरी वाचायला ओवीबरोबरच शिकत होती. ती बोट ठेवून वाचू लागली. "ए-क गु-ण रा... राखीव. प्र... प्रत्यक्ष पा-ह-णी-नंतर." तिने वर पाहिलं. "राखीव म्हणजे?"

"रेझर्वियर्ट," ऊर्मिलाबाई म्हणाल्या. "ट्रेनमध्ये जागा धरून ठेवतात ना, तसं." आणि त्या चकल्यांकडे परत गेल्या, जरा लवकरच, तोंड फिरवून.

"वाट बघितल्याशिवाय वाटेचे पूर्ण गुण देता येत नाहीत," विलास म्हणाले. ते पेनाच्या टोपणाशी बोलत होते. "फोटोवरून मी पंपसुद्धा पास करत नाही. दरवाजा सकाळी किती वाजता उघडतो?"

"आता दुसरा माणूस आहे, अहोबाबा. मला आताचं माहीत नाही."

"दुसऱ्याशी मला काय करायचंय? किल्लेदार किती वाजता उघडायचे?"

"सात," मारिसेल म्हणाली. मग ओवीच्या परकराची चुणी सारखी करत म्हणाली, "लग्नाच्या दिवशी सहा वाजता उघडला होता. बाबा म्हणाले, नवऱ्याचे बाबा किल्ल्यांचं खूप बघतात. लोक यायच्या आधी त्यांना दाखवतो."

विलासनी कागद परत घेतला. सगळ्यात खाली एक रकाना असे, पाहणीची वेळ. अठरा वर्षांत तो कधी भरायची गरज पडली नव्हती. त्यांनी तिथे लिहिलं, सकाळी सहा.